बुचाच्या जंगलात, बाबांसोबत

दक्षिण स्पेनमध्ये, काडीझ नावाच्या प्रांतात, बुचाच्या झाडांचं एक मोठं डोंगराळ जंगल आहे. त्यातून गुरांच्या आणि खेचरांच्या जुन्या वाटा जातात, आणि त्या वाटांवरून हल्ली माणसं हौसेने धावतात. मी तिथे सहा दिवसांसाठी गेले. त्यांतले अडीच दिवस धावले आणि उरलेले एका खुर्चीत बसून काढले. तरीही हे लिहिते आहे, कारण माझ्यासोबत बाबा होते आणि त्यांचे सहाही दिवस व्यवस्थित गेले.

बाबा, म्हणजे देवराव, वय एकाहत्तर. मेळघाटात चौतीस वर्षं वनखात्यात नोकरी. वनरक्षक म्हणून लागले, वनपाल म्हणून निवृत्त झाले. आम्ही मूळचे परतवाड्याचे. मी सिंगापुरात एका प्रयोगशाळेत धातूंच्या गंजाचा अभ्यास करते आणि चोआ चू कांगला अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. आई गेल्यावर बाबा घरात एकटे पडले, म्हणून मी त्यांना इकडे आणलं. निदान तेव्हा मी सगळ्यांना असंच सांगत होते.

सिंगापुरात बाबांचा दिवस लवकर सुरू व्हायचा आणि लवकर संपायचा. सकाळी वंदना, मग खाली पार्क कनेक्टरवर, म्हणजे बागा जोडणाऱ्या पायवाटेवर, एक फेरी, मग खिडकीजवळची खुर्ची. इथे बागांतल्या मोठ्या झाडांवर नंबराची पट्टी असते, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात फार आवडलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी आसपासची सगळी झाडं वहीत उतरवली. तिसऱ्या आठवड्यापासून काम उरलं नाही. अशी दीड वर्षं झाली होती.

माझं धावणं त्यांना कधी पटलं नाही. "काहून धावतेस?" ते विचारायचे. "मांगं कोणी लागलं आहे काय?"

डोंगरात धावायचं म्हणजे चढाचा सराव हवा आणि सिंगापुरात चढ नाहीत. सर्वांत उंच टेकडी दीडशे मीटरच्या आसपास आहे. बाबांना तिथे नेलं होतं तेव्हा वर पोचल्यावर त्यांनी विचारलं होतं, "आता इथून टेकडीवर जायचं ना?" म्हणून मी आमच्या ब्लॉकच्या जिन्यावर सराव केला, रोज दहा वेळा खाली-वर. चौथ्या मजल्यावरच्या आंटी दारात कुंड्यांना पाणी घालत असायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "लिफ्ट स्पॉइल आह?" मी म्हटलं, नाही, व्यायाम करते. दुसऱ्या दिवशीही तेच विचारलं. दोन आठवड्यांनी त्यांनी माझ्या वतीने लिफ्टची तक्रार नोंदवली. एक माणूस येऊन लिफ्ट तपासून गेला. लिफ्ट उत्तम होती.

जिच्याबरोबर स्पेनला जायचं ठरलं होतं ती प्रयोगशाळेतली मैत्रीण ऐनवेळी गुडघ्यामुळे गळाली. जागा रिकामी राहिली. मी बाबांना विचारलं, येता का.

"जंगल आहे काय तिथं?"

"आहे."

"मंग येतो."

पहिला दिवस: हिमेना

हिमेना हे पांढऱ्या घरांचं गाव एका डोंगराच्या उतारावर आहे. आमचं बिऱ्हाड गावाबाहेर, जंगलाच्या कडेला, रोसारिओ नावाच्या बाईच्या घरी होतं. पन्नाशीची, सडपातळ, उन्हाने रापलेली रोसारिओ स्वतः धावते आणि येणाऱ्यांना वाटा दाखवते. तिला इंग्रजी येतं. तिचे काका पाको तिथेच मागच्या खोलीत राहतात. त्यांना फक्त स्पॅनिश येतं. आमच्याखेरीज एक डच जोडपं होतं, दोघेही दंतवैद्य. ते धावत नसतील तेव्हा अंग ताणायचे व्यायाम करत असत.

आल्या आल्या नावांचा घोळ झाला. स्पॅनिशमध्ये जे अक्षर आपल्याला 'ज' वाटतं त्याचा उच्चार 'ह' होतो, त्यामुळे सुजाताची मी सुहाता झाले. ते ठीक होतं. पण मी "बाबा" अशी हाक मारली तेव्हा पाकोकाका थबकले आणि रोसारिओने तोंडावर हात धरला. त्यांच्या भाषेत बाबा म्हणजे लाळ. मग पाकोंनी वडिलांचं खरं नाव विचारलं आणि मोठ्या आदराने म्हणाले, "दोन देवराओ."

बाबांनी मागे वळून पाहिलं. "दुसरा कोणता?" त्यांनी मला विचारलं.

'दोन' म्हणजे तिकडे 'श्रीयुत', हे मी समजावलं. त्यावर बाबा पाकोंना म्हणाले, "दोन पाको." पाको खूश झाले. या दोन शब्दांवर त्या दोघांनी पुढचे सहा दिवस काढले.

जेवायला टोमॅटो, लसूण आणि शिळा पाव ऑलिव्हच्या तेलात घोटून केलेला गरम पदार्थ होता. बाबांनी घास घेतला, विचार केला आणि म्हणाले, "कुस्करा आहे. पोळीऐवजी पावाचा." मग खिशातून ठेच्याची बाटली काढून त्यात थोडा मिसळला. पाकोंनी बाटलीकडे बोट दाखवलं. बाबांनी दिली. पाकोंनी चमचाभर खाल्ला आणि बराच वेळ कोणाशीच बोलले नाहीत.

संध्याकाळी पहिली धाव नदीकाठाने होती. एका जुन्या पाणचक्कीच्या पाटाच्या कडेने वाट जाते. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दगडांतून वाहणारं पाणी, आणि मध्ये जेमतेम एक पाऊल मावेल एवढी दगडी कड. सपाट शहरात जिने चढून तयार झालेले माझे पाय चढावर बरे होते. उतारावर त्यांना काहीच येत नव्हतं, कारण उतारालाही पायऱ्या असतात अशी त्यांची समजूत असावी. डच दंतवैद्य बकऱ्यांसारखे पुढे निघून गेले.

परतले तेव्हा बाबा आणि पाको घरामागच्या झाडांत उभे होते. तिथली बुचाची झाडं विचित्र दिसतात. वरच्या फांद्यांवर जाड, भेगाळलेली राखी साल, आणि खाली माणसाच्या डोक्याच्याही वरपर्यंत साल सोलून काढलेली. त्या उघड्या खोडाचा रंग ताज्या विटेसारखा.

"हे झाड कायले नागडं केलं?" बाबांनी मला विचारलं.

मी सांगितलं की ही साल म्हणजेच बूच. बाटल्यांना लागतं ते.

"बुचाचं झाड माहीत आहे मले. पांढरी फुलं येतात त्याले."

"ते आपल्याकडचं. हे निराळं."

उघड्या खोडांवर पांढऱ्या रंगाने एकेक आकडा लिहिला होता. बाबा त्यावर तासभर विचार करत होते. आधी त्यांना वाटलं मोजणीचे नंबर असतील, पण शंभर झाडांवर सहा हाच आकडा होता. मग त्यांनी रंग पाहिले. सहा आकड्याच्या झाडांचं खोड तांबडं होतं, पाचच्या झाडांचं काळपट, आणि सातच्या झाडांवर पुन्हा बोटभर जाड साल आलेली. ते म्हणाले, "वर्षाचा शेवटला आकडा आहे. यंदाचं सोळा. सात म्हणजे दोन हजार सात. नऊ वर्षांत एवढी साल येते."

मी रोसारिओला विचारलं. ती म्हणाली, बरोबर. कायद्याने नऊ वर्षांनीच सोलता येते, आणि पाकोकाकांनी चाळीस वर्षं तेच काम केलं. हे ऐकल्यावर बाबांनी पाकोंची कुऱ्हाड पाहायला मागितली. दोघे ती कुऱ्हाड घेऊन अंगणात बसले. दांड्याचं टोक निमुळतं होतं, साल उचकटायला. बाबांनी तिच्या धारेवरून अंगठा फिरवला, वजन पाहिलं आणि मान डोलावली. त्यांना इतक्या मनापासून काही तपासताना मी फार दिवसांनी पाहत होते.

झोपण्यापूर्वी दाराशी पाहिलं तर माझे चिखलाचे बूट घासून उलटे टेकवलेले होते. चोआ चू कांगलाही बाबा हेच करायचे. मी किती वेळा नको म्हटलं होतं.

दुसरा दिवस: धारेवर

पहाटे बाबांनी मला उठवलं. "ऐक," म्हणाले.

समोरच्या डोंगरातून कोणीतरी जड दार ओढावं तसा आवाज येत होता, मग दुसरीकडून तसाच. सप्टेंबरअखेरीस तिथे हरणांचा माजाचा काळ असतो आणि नर एकमेकांना आव्हान देत ओरडतात. बाबा अंगावर घोंगडी घेऊन ओट्यावर उभे होते.

"आपलं सांबर असं वरडत नाही," ते म्हणाले. "हे लयच मोकळ्यानं बोलतात. यायले वाघाचं भ्यावच नाही."

त्या दिवशीची वाट डोंगराच्या धारेवर चढत होती. बुचाच्या झाडांतून, नेच्यांतून, शेवटी उघड्या खडकावरून. वर पोचल्यावर दक्षिणेला समुद्र दिसला, आणि समुद्रापलीकडे निळसर डोंगरांची एक ओळ. ती आफ्रिका. मी थांबून थोडा वेळ आफ्रिका पाहिली. धावणाऱ्याला असं थांबायला नीट कारण लागतं आणि हे चांगलं होतं.

रोसारिओने बाबांना आणि पाकोंना गाडीने खिंडीत आणलं होतं, पाणी आणि फळं घेऊन. मी उतरून तिथे पोचले तेव्हा बाबा टोपी काढून वर पाहत होते. डोक्यावर गिधाडं घिरट्या घालत होती. पंधरा-वीस असतील, इतकी खाली की पंखांची पिसं वेगवेगळी दिसत होती.

"मोजली," बाबा म्हणाले. "एकवीस."

आमच्याकडची गिधाडं बाबांच्या नोकरीच्या उत्तरार्धात संपली. ते सांगतात, एका वर्षी होती आणि मग मेलेलं ढोर तसंच पडून राहू लागलं. त्यांनी त्याचा अहवाल लिहिला होता. उत्तर आलं नव्हतं. खिंडीत ते बराच वेळ तसेच उभे राहिले आणि पाकोही त्यांच्याशेजारी उभे राहिले, कशासाठी ते न कळता.

रात्रीच्या जेवणात रोसारिओने हरणाचं मटण केलं होतं. मी बाबांना सांगितलं. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"पंचनामा झाला काय याचा?"

इकडे परवान्याने शिकार होते, संख्या ठरवून दिलेली असते, सगळं सरकारी आहे, असं मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"चौतीस वर्षं हे खाणाऱ्यायले पकडलं," ते म्हणाले. "तू खा. मी पाव खातो."

मी खाल्लं. चांगलं होतं. पण मला कोणीतरी पाहत असल्यासारखं वाटत राहिलं, आणि खरंच पाहत होते.

तिसरा दिवस: धुकं

त्या भागात पूर्वेकडून वारा सुटला की समुद्रावरचं धुकं डोंगरात शिरतं. सकाळी निघताना डोंगर दिसत होते. रोसारिओने वाट समजावली: चढ, मग गुरांसाठी केलेलं एक फाटक, फाटकापुढे वाट डावीकडे, धारेवरून खिंडीत. खिंडीत ती गाडी घेऊन थांबणार. प्रत्येकाकडे नकाशा आणि शिट्टी होती.

फाटकापर्यंत मी दंतवैद्यांच्या मागोमाग होते. फाटक लावून घ्यायला मी थांबले आणि मान वर केली तेव्हा ते दिसेनासे झाले होते. दोन मिनिटांत पुढची झाडंही दिसेनाशी झाली. मला ठळक वाट दिसत होती, मी त्या वाटेने धावत राहिले. ती डावीकडे होती असं मी शपथेवर सांगितलं असतं. प्रत्यक्षात ती गुरांची पाण्यावर जायची वाट होती आणि उजवीकडे खाली उतरत होती.

खाली ओढ्याच्या अरुंद घळीत झाडी एकदम बदलली. काळपट, ओली, गुडघाभर नेचे, दगडांवर शेवाळ. तिथे मला पहिल्यांदा शंका आली. मी परत फिरायला वळले, शेवाळावरून पाय सरकला आणि उजव्या घोट्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं.

उभं राहता येत नव्हतं. फोनला रेंज नव्हती. शिट्टी वाजवली. धुक्यात तो आवाज थोडा पुढे जाऊन थांबत असावा, कारण परत काहीच आलं नाही. मी एका झाडाच्या मुळाशी टेकून बसले. तहान नव्हती, पाणी होतं, थंडी फार नव्हती. मरण्यासारखं काही नव्हतं हे मला समजत होतं. तरी अर्ध्या तासाने मी रडत होते.

भीती स्वतःसाठी वाटत नव्हती. बाबांना या देशात दोन शब्द येत होते. त्यांच्याजवळ रोसारिओचा नंबर नव्हता, पासपोर्ट कुठे ठेवलेत ते त्यांना मी सांगितलं नव्हतं, परतीचं तिकीट माझ्या फोनमध्ये होतं. दीड वर्षं मी त्यांचं सगळं बघत होते, आणि त्यामुळे त्यांना एकट्याने करता येईल असं काहीच उरलं नव्हतं. मला काही झालं तर ते त्या खिंडीत तसेच उभे राहतील असं चित्र डोळ्यांसमोर येत होतं.

खिंडीत काय झालं ते मला नंतर रोसारिओने सांगितलं. दंतवैद्य पोचले, मी पोचले नाही. तासाभराने तिने मदतीसाठी फोन केला. माणसं निघाली होती, पण धुक्यात गाडी सावकाश येणार होती. ती बाबांना हे कसं सांगावं याचा विचार करत होती, तेवढ्यात बाबांनी तिच्यासमोर उभं राहून आधी स्वतःच्या बुटाकडे बोट दाखवलं, मग जमिनीकडे, मग डोंगराकडे. दंतवैद्यांकडून तिने विचारून घेतलं की मला शेवटचं फाटकापाशी पाहिलं होतं. पाकोंनी त्यांच्या ओळखीच्या शेतावरून एक खेचर आणलं, आणि दोघे म्हातारे फाटकाकडे निघून गेले.

पुढचं पाकोंनी सांगितलं, रोसारिओने त्याचं इंग्रजी केलं. फाटकापाशी बाबा उकिडवे बसले. पाकोंची एक सिगारेट ओढून संपली तरी उठले नाहीत. मग एक काडी तोडून त्यांनी जमिनीवर काहीतरी मापलं आणि उजवीकडे निघाले. पाकोंनी त्यांचा दंड धरला. वाट डावीकडे होती, पाको त्या डोंगरात जन्मले होते. बाबांनी त्यांना खाली वाकायला लावून एक ठसा दाखवला. पाको म्हणाले, त्यांना तिथे चिखल दिसला.

माझ्या उजव्या बुटाच्या टाचेची बाहेरची कड झिजलेली आहे. मी पाय थोडा फेकून टाकते. मला हे माहीत नव्हतं. बाबांना बूट घासताना कळलं होतं.

मला आधी आवाज आला. मेळघाटात वनरक्षक एकमेकांना देतात ती हाक, खोल सुरू होऊन वर चढणारी: "हो, हो, होऽ." लहानपणी बाबा कधी आम्हाला जंगलात नेत तेव्हा ऐकलेली. मी "ओ" दिली. मग बराच वेळ काही नाही, आणि मग नेच्यांतून आधी टोपी आली, मग बाबा.

त्यांनी मला काही विचारलं नाही. खाली बसून बूट सोडवला, घोटा चाचपला. "मोडला नाही," म्हणाले. मग गळ्यातला पंचा काढून ओढ्यात भिजवला आणि पायाला गुंडाळला.

"घाबरली?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मी घाबरलो," बाबा म्हणाले. "अधेमधे खडक होता. खडकावर ठसा नाही राहत."

पाकोंनी खेचर घळीच्या तोंडाशी उभं केलं होतं. दोघांनी मला उचलून त्यावर बसवलं. अशा रीतीने स्पेनच्या प्रसिद्ध धावण्याच्या वाटेवरून मी खेचरावर बसून परत आले. वाटेत मदतीला आलेली माणसं भेटली. त्यांनी पाकोंना काहीतरी विचारलं, पाकोंनी बाबांकडे बोट दाखवून मोठं भाषण केलं. मला त्यातलं "दोन देवराओ" एवढंच कळलं. त्या माणसांनी एकेक करून बाबांशी हस्तांदोलन केलं. बाबांनी प्रत्येकाला नमस्कार केला आणि मग हात दिला.

चौथा, पाचवा, सहावा दिवस: खुर्ची

गावातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी घोटा बांधून दिला. दोन आठवडे धावणं बंद, चालणंही कमीच. रोसारिओने ओट्यावर माझ्यासाठी खुर्ची ठेवली, समोर पायाला स्टूल.

सकाळी सगळे निघून जात. रोसारिओ आणि दंतवैद्य धावायला, बाबा आणि पाको जंगलात. घरात एक कामवाली बाई असे, तिला इंग्रजी येत नव्हतं. ती अधूनमधून येऊन माझी उशी सरळ करी, हसून काहीतरी विचारी, आणि मीही हसून मान डोलावी. मग ती मला न आवडणारा चहा आणून देई. पहिल्या दिवशी मी समोरची झाडं पाहिली. दुसऱ्या दिवशी मोजली. सकाळी अकरा वाजल्यापासून मी अंगणाच्या फाटकाकडे पाहू लागले, कोणी येतंय का म्हणून. माणसं चांगली होती, जागा सुंदर होती, मला काही कमी नव्हतं, आणि मला तिथे बसवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी, त्याच खुर्चीत, मला चोआ चू कांगची खिडकी आठवली. मी संध्याकाळी साडेसातला घरी येते. दीड वर्षं बाबा ती खिडकी सांभाळत होते, आणि मी आल्यावर विचारायचे, "बोअर नाही ना झालं?" ते म्हणायचे, "नाई."

बाबा दुपारी परत यायचे ते पँटला गवताची कुसळं चिकटलेली, खिसे भरलेले. ओकची फळं, एक रानडुकराचा दात, पिसं. त्यांनी मला सांगितलं की इथे आग अडवायला जाळरेषा, म्हणजे झाडोरा काढलेले मोकळे पट्टे, चांगल्या काढतात पण एका उतारावर झुडपं वाढलीत, ते त्यांनी पाकोंना दाखवलं. पाकोंना ते पटलं, आणि ते वरच्या कोणाला तरी सांगणार आहेत. हे सगळं त्यांनी कोणत्या भाषेत ठरवलं ते मी विचारलं नाही.

निघताना पाकोंनी बाबांना मिठी मारली. बाबांना मिठीची सवय नाही. ते दोन्ही हात बाजूला ठेवून ताठ उभे राहिले, आणि मग त्यांनी पाकोंच्या पाठीवर दोनदा थोपटलं, चांगल्या झाडाच्या खोडावर थोपटावं तसं.

परत आल्यावर

बाबांचा लाँग टर्म व्हिजिट पास डिसेंबरअखेर संपत होता. परतल्यावर आठवडाभराने मी मुदतवाढीचा अर्ज भरून, छापून टेबलावर ठेवला. बाबांनी चष्मा लावून तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, जसा ते प्रत्येक कागद वाचतात. मग पेन मागितलं.

मी पेन दिलं नाही. "सही करायची नसेल तर करू नका, बाबा."

त्यांनी चष्मा काढला. "तुले वाईट वाटन."

"वाटेल."

"मंग?"

"वाटू दे." माझ्या घोट्याला अजून पट्टा होता आणि मी उगाचच तो सोडून पुन्हा बांधत होते. "तुम्ही एकटे पडाल म्हणून मी तुम्हाला आणलं नाही. मला त्या घरी यायचं नव्हतं. आई नसताना. तुम्ही तिथे राहिला असता तर मला यावंच लागलं असतं."

बाबांनी चष्मा मिटून अर्जावर ठेवला.

"मले माहीत होतं," ते म्हणाले.

"केव्हापासून?"

"इमानात बसलो तवापासून."

"मग आलात कशाला?"

"तू बोलावलं म्हणून," बाबा म्हणाले. त्यांना प्रश्नच कळला नसावा असा त्यांचा चेहरा होता.

मी लॅपटॉप उघडला आणि म्हटलं, डिसेंबरातलं तिकीट पाहते. ते म्हणाले, "तुह्यंही तिकीट पाय. दोन आठवड्यांचं."

डिसेंबरात आम्ही परतवाड्याला गेलो. थंडी चांगली होती. शेजारच्यांनी अंगण झाडून ठेवलं होतं. बाबांनी किल्ली माझ्या हातात दिली, आणि मी दार उघडून आत गेले तेव्हा ते मागे आले नाहीत. आतल्या खोलीत आईची खाट होती, शिवणयंत्र होतं, खुंटीला तिची हिरवी पिशवी होती. मी खाटेवर बसले.

बऱ्याच वेळाने बाहेर आले. बाबा पायरीवर बसून शेजारच्या काकांना कडुनिंबाची कोणती फांदी आधी छाटायची ते सांगत होते. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"झालं?"

"झालं."

"मंग चहा मांड," ते म्हणाले आणि बाजूची पिशवी माझ्याकडे सरकवली. "दूध आणलं आहे मी."